तोंड आलंय? झोपतोस किती?



लातूरचा माणूस नांदेडात बोलायला उभा राहिला की पहिल्या रांगेत कुजबुज होते. घाबरू नका, आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा विषय काढणार नाही. (हशा) पत्रिकेवर 'ताणतणाव आणि रोगप्रतिकारशक्ती' असं भारदस्त छापलंय. कॉर्टिसॉल, पांढऱ्या पेशी वगैरे तुम्ही पेपरात वाचलेलंच आहे. मी दाताचा डॉक्टर. तोंडात दिसतं तेवढं सांगतो.

एप्रिलमध्ये माझ्याकडे नीटवाल्या पोरांची एकच तक्रार असते: तोंड आलंय. परवा असाच एक खुर्चीत बसला. जिभेच्या कडेला तीन फोड, पाणी प्यायचं तरी डोळ्यांत पाणी. सोबत आई. वडील गावाकडे शेतीवर, ही लेकरासाठी लातुरात खोली करून राहिलेली. "जाईचा पाला झाला, तूप लावून झालं, डॉक्टर." बी-१२ आणि लोह तपासायला लिहून दिलं. मग पोराला विचारलं, झोपतोस किती? तो बोलायच्या आत आई अभिमानानं म्हणाली, "चारच तास झोपतो हो!"

आता बघा, १९९८ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्याच ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. एकदा उन्हाळी सुटीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. पोरं तीच, तोंडं तीच. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के उशीर. सुटीतल्याइतकी लवकर एकाचीही भरली नाही! जखमेवर पेशींना बोलावणारं एक रसायन असतं. परीक्षेच्या दिवसांत ती हाकच क्षीण झाली होती.

मागे बसलेले क्लासचे सर मान हलवताहेत. कबूल, त्या प्रयोगात जखम भरायला उशीर परीक्षेनं झाला, अपुऱ्या झोपेनं झाला असं कुणी सिद्ध केलं नाही. पण सर, २००९ चा प्रयोगही ऐका. १५३ धडधाकट माणसांची झोप दोन आठवडे नोंदवली, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. (टाळ्या) टाळ्या नकोत, घरी जाऊन दिवे घालवा.

हां, त्या आईचं राहिलंच. पैसे देताना तिच्या मनगटावर कुकरचा चटका दिसला. तीन आठवडे झाले म्हणाली, अजून ओला. साखर तपासून घेतली, ठीक निघाली. पोरगा चारला उठतो म्हणून ही साडेतीनला, चहा ठेवायला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या बायकांच्या जखमा इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरल्या, हे १९९५ मध्येच छापून आलंय. ते वाचलं तेव्हा मला आकडाच दिसला होता. मनगट परवा दिसलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. प्राणायाम, चालणं, कुणाशी तरी मोकळं बोलणं, सगळं चांगलं आहे, करा. माझी कागदं त्याचीच होती, ती राहिली. तीन आठवड्यांत फोड भरला नाही तर मात्र ताण-ताण म्हणत बसू नका, दाखवा.

"मग पोर्शन कधी करायचा?" सर, अकराच्या आधी. आभाराचं भाषण दोन मिनिटांत आटपा बुवा. मला लातूरला पोचायलाच एक वाजणार आहे. माझा नियम आज मोडला तो अध्यक्षांच्या नावावर मांडा. (हशा)