मुलाचा व्यवसाय कोणता?



मघाशी सभागृहाच्या दारात एका गृहस्थांनी मला थांबविले. फलकावरचा 'व्यवसायोपचार' हा शब्द त्यांनी वाचला होता. ते म्हणाले, "बाई, अपंगांना एखादा धंदा शिकवून पायावर उभे करण्याचेच काम ना आपले?" प्रश्न अगदी रास्त होता. व्यवसाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकान येते, कचेरी येते. परंतु आमच्या शास्त्रात माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो, ते सारे व्यवसायच. मग चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? खेळणे, जेवणे, अंगात सदरा घालणे, शेजारच्या मुलाशी भांडून पुन्हा गट्टी करणे. यातले काही अडले, तर त्या जिवाचा व्यवसाय बुडाला म्हणावयाचे!

हे शास्त्र तसे तरुण आहे. अमेरिकेत 1917 साली त्याची पहिली संघटना उभी राहिली आणि महायुद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेत त्याला बळ आले. आपल्याकडे ते आणले कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 साली त्यांनी या विषयाचे विद्यालय सुरू केले आणि दोनच वर्षांनी अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

आता मुलाच्या हाताकडे वळू. तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिले की ते घट्ट धरते. आपण हरखून जातो; पण ती पकड त्याच्या इच्छेची नसते. काही महिन्यांत ती आपोआप सुटते, मग बाळ वस्तू सबंध पंजाने ओढू लागते, आणि वर्षाच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत जमिनीवरचा एकुलता एक चुरमुरा नेमका उचलते. या चिमटीला आधार असतो मनगटाचा, मनगटाला खांद्याचा, खांद्याला पाठीचा. खांबच डळमळत असेल, तर त्याला टांगलेला कंदील स्थिर कसा राहणार? म्हणून अक्षर वाईट आलेल्या मुलाला आम्ही पुष्कळदा आधी रांगायला, लोंबकळायला, कणीक तिंबायला लावतो. पालक विचारतात, "अहो, पण पेन्सिल केव्हा?" पाठ ताठ राहू लागली, की मग पेन्सिल!

एक उदाहरण सांगते. सात वर्षांचा मुलगा. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, उजवा हात ताठर, बुद्धी मात्र तल्लख. आई त्याला भरवी. म्हणाली, "मी भरवलं तर दहा मिनिटं, त्याच्या हाती दिलं तर पाऊण तास. मला नोकरी गाठायची असते." तिला दोष कोणत्या तोंडाने देणार? आम्ही प्रथम त्याचे पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची पाहिली. चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड केला, ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घातले. मग आईने त्याचा हात धरून घास ओठांपर्यंत न्यावयाचा आणि शेवटची दोन बोटे वाट त्याने एकट्याने चालावयाची. शेवट साधला की एक पाऊल मागून आरंभ. यात खुबी अशी, की घास तोंडात घालण्याचे यश प्रत्येक वेळी त्याचेच! रोज हे जमणार नव्हते. म्हणून रविवारचे दुपारचे जेवण ठरले, पुढे रात्रीचेही. चार महिन्यांनी तो आमटीभात जेवला. निम्मा भात ताटाबाहेर. वडील सांडलेली शिते गोळा करू लागले, तेव्हा तो म्हणाला, "पण जेवलो मी!"

त्याचा हात बरा झाला का? नाही. मेंदूची इजा आम्ही पुसू शकत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून आपण सावध राहावे. अलीकडच्या अभ्यासांचा कौलही असाच आहे की, जे काम साधावयाचे, त्याच कामाचा घरीदारी सराव करण्याने गुण येतो. दुसऱ्याने नुसते हातपाय हलवून देण्याने फारसा येत नाही.

जाता जाता दोन विनंत्या. वर्षाच्या आतले बाळ सतत एकच हात वापरीत असेल, तर 'डावखुरा दिसतो' म्हणून कौतुक करीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांची मुले धडधाकट आहेत, त्यांनी सकाळी दहा मिनिटे लवकर उठावे. ती दहा मिनिटे मुलाच्या गुंड्यांसाठी आहेत. गुंडी चुकीच्या काजात जाईल, जाऊ द्या. आपला हात पुढे होईल. तो पाठीमागे बांधून ठेवा. घाईच्या घरात मुलाला देण्यासारखी याहून मोठी देणगी मला माहीत नाही.