शिकाऊ डॉक्टर वणीत मुक्काम करील काय?

(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वणी म्हटले की महाराष्ट्राला सप्तशृंगीचा गड आठवतो. परंतु यात्रा संपल्यावरही ज्या वणीचे दिवस सरत नाहीत, त्या वणीविषयी मला आज बोलावयाचे आहे. नाशिकहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. भोवताली दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेते. पलीकडे सुरगाण्याचे आदिवासी पाडे. छाटणीच्या हंगामात तेथूनच मजूर कुटुंबे बागांवर येतात. औषधफवारणीची बाधा, सर्पदंश, अडलेले बाळंतपण, घाटातला अपघात, असे सारे प्रथम वणीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारी येते. नाशिक येथून सुमारे ४० किलोमीटर. त्याच नाशकात १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे. हे अंतर केवळ रस्त्याचे आहे काय, हा आपला प्रश्न आहे.

डॉक्टर खेड्यात घडवावा हा विचार नवा नव्हे. भोर समितीने १९४६ साली सामाजिक वैद्याची कल्पना मांडली. १९७७ साली जनता राजवटीत, समाजवादी नेते राजनारायण आरोग्यमंत्री असताना, वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रत्येकी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. फिरते दवाखाने आले. योजना मात्र कालांतराने मागे पडली. आज २०२१ च्या नियमांनुसार प्रशिक्षणार्थी डॉक्टरला १२ आठवडे सामुदायिक वैद्यकाचे काम करावे लागते आणि २०२२ पासून विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावयाची असतात. म्हणजे कागदाची उणीव नाही. सकाळी गाडीने यावयाचे, वहीवर सही घ्यावयाची आणि दुपारी परतावयाचे, असे झाले तर त्यात गावाने काय मिळविले आणि विद्यार्थ्याने तरी काय?

कीटकनाशकाची बाधा झालेल्या मजुराचे उदाहरण घ्या. त्याला अ‍ॅट्रोपिन एकदा टोचून भागत नाही. तासन्‌तास उशाशी बसून छाती तपासावी लागते, मात्रा पुन्हा पुन्हा ठरवावी लागते. एकटा वैद्यकीय अधिकारी बाळंतीण सोडून तेथे किती वेळ बसणार? इथे शिकाऊ डॉक्टरचे दोन हात खरोखर उपयोगी पडतात. आणि ‘कोणते औषध फवारत होता, तोंडाला फडके होते काय, अंगावरचे कपडे बदलले काय,’ हे विचारण्याची सवय त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सहसा लागणार नाही.

खेडे केवळ घेते असे समजू नका, ते शिकवितेही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढल्या. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि प्राझोसिनच्या उपचाराने पुढे असंख्य जीव वाचले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात शिबिरासाठी मुक्काम करतात. मुक्काम हाच यातला महत्त्वाचा शब्द आहे.

मात्र एका धोक्याकडे आपण डोळेझाक करता कामा नये. शिकाऊ डॉक्टर आला म्हणून मंजूर पदे रिकामी ठेवण्याची सोय सरकारला मिळता कामा नये. गरिबाच्या देहावर सराव आणि श्रीमंताला तज्ज्ञ, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. शिकणाऱ्याच्या पाठीशी शिकविणारा हवाच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. रुग्णालयाच्या आवारात विद्यार्थी व विद्यार्थिनींसाठी सुरक्षित निवास असावा. महाविद्यालयातील शिक्षकाने ठरलेल्या दिवशी येऊन रुग्ण तपासावेत. तुकड्या फवारणीचा हंगाम, पावसाळा आणि यात्रा पाहून पाठवाव्यात. एका तुकडीने भेट दिलेल्या कुटुंबांची नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती पडावी; नाहीतर एकाच आजीला दर वर्षी तेच प्रश्न विचारले जातील आणि तिचा रक्तदाब मात्र तसाच राहील.

या मागण्या ग्रामसभेत व रुग्ण कल्याण समितीत मांडणे हे आपले काम. तितकेच दुसरेही काम आहे: येणाऱ्या मुलामुलींना पाड्यावर घेऊन जाणे, आशाताईंची ओळख करून देणे, कधी घरी जेवावयास बोलावणे. ज्या गावाने आपल्याला माणूस म्हणून ओळखले, त्या गावाकडे डॉक्टर पुन्हा येण्याची शक्यता अधिक. ही शक्यता वाढविणे आपल्या हाती आहे.