नोंद कशासाठी ठेवली होती?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण नोकरीबद्दल नको." बरंच झालं. आज मी एका जुन्या मोटारीची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या गोष्टीत मी केलेल्या एका चुकीची.

आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई आहेत. समोर मी त्यांना नावानंच हाक मारते, तिकडची तशी पद्धत; पण इथे त्यांना आजी म्हणते. आजोबा गेले आणि गॅरेजमध्ये त्यांची 1965 ची पॉन्टियॅक मागे राहिली. आजोबा आयुष्यभर सांगत आले होते, "ही साधी ले मान्स नव्हे, जीटीओ आहे. आणि हे तीन कार्बुरेटर कारखान्यातूनच आलेत." गाडी त्यांनी सेकंडहँड घेतलेली, मूळ कागद नव्हते. आता आजींना ती विकायची होती. खरी जीटीओ आणि जीटीओची अक्षरं चिकटवलेली ले मान्स यांच्या किमतीत फार मोठी तफावत असते. आजी म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली, जरा शोधून दे."

ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीशी, खांबावर, चासी नंबरची पट्टी असते. आकडा 237 नं सुरू होत होता. पॉन्टियॅकच्या पद्धतीत पहिले तीन आकडे मालिका सांगतात. 237 म्हणजे ले मान्स, 242 म्हणजे जीटीओ. पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश. आजींना सांगूनही टाकलं, "ही जीटीओ नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. गॅरेजचा दिवा मालवताना एवढंच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तो मला..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा वाचायला बसले, तेव्हा कळलं की 242 हा आकडा 1966 पासूनचा आहे. 1964 आणि 1965 मध्ये जीटीओ नावाचं वेगळं मॉडेल नव्हतंच! ते ले मान्सवर घ्यायचं एक पॅकेज होतं, तीनशे डॉलरच्या आतलं. म्हणजे त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक खऱ्या जीटीओचा चासी नंबर ले मान्सचाच. 237 वरून ती जीटीओ आहे हे ठरत नाही, आणि नाही हेही ठरत नाही.

असं का, तर त्यामागे कंपनीच्या नियमातली पळवाट होती. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही, असं जनरल मोटर्सचं धोरण होतं. पॉन्टियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात 389 घन इंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन बसवायचं होतं. मॉडेल म्हणून परवानगी मिळाली नसती. मग गिऱ्हाइकानं मागितला तर मिळणारा ऑप्शन म्हणून ते यादीत घातलं. विक्रीप्रमुखानं सुरुवातीला 5,000 गाड्यांपुरतीच तयारी दाखवली होती. पहिल्याच वर्षी 32,450 गेल्या. दुसऱ्या वर्षी 75,352. मग 1966 मध्ये जीटीओला स्वतःचा नंबर मिळाला आणि त्या वर्षी 96,946 गाड्या झाल्या.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? पॉन्टियॅकचं एक नशीब चांगलं. कारखान्यानं डीलरला गाडी पाठवताना केलेल्या बिलांची नोंद मायक्रोफिल्मवर जपली गेली. 1961 पासून 1986 पर्यंतच्या गाड्यांची ही नोंद चासी नंबर कळवला की पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून पैसे भरून मिळते. त्याच काळातल्या, अमेरिकेत बनलेल्या शेवरले गाडीला अशी सोय नाही. तिथे गाडीवरच्या खुणा आणि जुने कागद यांच्यावरच भिस्त.

कागद येईपर्यंत गाडीला एक गिऱ्हाईक आलं. माणूस हुशार होता, त्यानं गणित मांडलं. 1965 च्या जीटीओंपैकी तीन कार्बुरेटरवाल्या 20,547, म्हणजे 27 टक्के. उघड्या टपाच्या 11,311, म्हणजे 15 टक्के. गुणाकार केला की 4 टक्के, म्हणजे फक्त तीनेक हजार. मग रंग, मग गिअरबॉक्स, असं गुणत गेलं की कुठलीही गाडी जगात एकमेव ठरते. "तुमची उघड्या टपाची नाही, तेव्हा दुर्मीळ नाही," हे सांगून त्याला भाव पाडायचा होता.

मला आपला नववीचा वर्ग आठवला. वर्गात निम्म्या मुली, आणि निम्म्या वर्गाचं संस्कृत. म्हणून संस्कृत घेणाऱ्या मुली पाव वर्ग होत्या का? नाही. संस्कृतला बहुतेक मुलीच होत्या! एक निवड दुसरीला ओढून आणते. जोरकस इंजिन घेणारा माणूस बाकीच्या गोष्टीही जोरकसच घेणार. वेगवेगळ्या बेरजा कारखान्यानं मोजल्या होत्या. हा गुणाकार त्या माणसाचा होता.

तीन आठवड्यांनी कागद आला. बिलाची तारीख नोव्हेंबर 1964. आजी दचकल्या, "म्हणजे ही 65 ची नाही?" आहे. तिकडे मॉडेलचं वर्ष आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच सुरू होतं, जसं आपलं शाळेचं वर्ष जूनमध्ये. खाली कोडच्या रांगा होत्या. एकेक लावत गेले. जीटीओचं पॅकेज होतं. आणि इंजिन होतं एका कार्बुरेटरचं. तीन कार्बुरेटर नंतर कुणीतरी बसवलेले.

म्हणजे आजोबा निम्मे बरोबर होते. ज्या निम्म्यात चुकले, ते त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि त्यांनी विश्वासानं पुढे सांगितलं. मी आजींची माफी मागितली. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग म्हणाल्या, "खोटं बोलला नाही ना, बास." जाहिरातीत आम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या. आजोबांच्या हिशेबापेक्षा भाव कमी आला, पण घेणाऱ्यानं घासाघीस केली नाही.

माझी चूक आकडा वाचण्यात झाली नव्हती. ती नोंद कुणी, कशासाठी ठेवली, हे मी विचारलं नव्हतं. चासी नंबर मालिका सांगायला होता, बिल पैसे वसूल करायला. दोन्ही खरे, पण आपापल्या कामापुरते. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवा. त्यात 1 जूनला जन्मलेले आपल्यातले किती! प्रवेशाच्या दिवशी वय भरावं म्हणून सरांनी लिहिलेली ती तारीख. रजिस्टर खोटं नव्हतं; ते आईला विचारून लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

म्हणून स्मरणिकेच्या मंडळींना एक विनंती. यादीत आम्हा मुलींची आजची नावं आहेत. रजिस्टरमध्ये माहेरची आहेत. आपल्या वर्गातल्या काही जणी अजून सापडलेल्या नाहीत, त्याचं निम्मं कारण हे आहे. प्रत्येकीपुढे दोन्ही नावं छापा, आणि हाक मारायचं नावही. उद्या कुणी शोधायला निघालं, तर पहिल्या तीन आकड्यांवरून "ही ती नव्हेच" असं म्हणून परत फिरायला नको.

बाई, दहाची बारा मिनिटं झाली. रजिस्टरमध्ये उशीर लावू नका.