आवाज क्लिअर, मग फॅक्स का जाईना?

आज फॅक्सबद्दल बोलायचंय. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फॅक्स मशीन फक्त जुन्या पिक्चरमध्ये पाहिलं असेल. पण बीटेकच्या चार वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते मला या मशीननं एका दुपारी शिकवलं.

२०१९ ची गोष्ट. आपल्या धाराशिवचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. मी नुकताच पास झालो होतो आणि गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलचं फोनचं काम अंगावर घेतलं होतं. जुन्या लँडलाइन काढायच्या आणि इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे. बिल कमी, वर प्रत्येक वॉर्डात एक्स्टेंशन. एका रात्री सगळं जोडलं. आवाज एकदम क्लिअर! फॅक्सची वायर एका छोट्या अडॅप्टरमध्ये घातली, एक पान पाठवून बघितलं. गेलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली, मी खूश.

चार दिवसांनी रिसेप्शनच्या ताईंचा फोन. "दादा, फॅक्स जाईना बघा. सात पानं हायेत, तिसऱ्या पानावरच तुटायलाय."

ती सात पानं म्हणजे उमरगा तालुक्यातल्या एका पेशंटचे कॅशलेसचे कागद. पुण्याहून मंजुरी आली तर ठीक, नाहीतर ऑपरेशनआधी डिपॉझिट भरायचं. त्यांचा मुलगा काउंटरपाशी उभा होता. मला बघून त्यानं एवढंच विचारलं, "सर, कागद गेले का?" काय सांगणार? मी तीनदा पाठवले, तिन्ही वेळा मधेच तुटले. शेवटी कागद उचलले आणि समोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे पळालो. त्यांच्याकडे जुनी लँडलाइन. सातही पानं पहिल्या झटक्यात गेली. संध्याकाळी मंजुरी आली.

तो मुलगा मला "थँक्यू सर" म्हणाला. खरं तर त्याचा अर्धा दिवस मीच घालवला होता.

मग चुकलं कुठं? बघा, फॅक्स मशीन पानाचा आवाज बनवतं. तो पिंऽऽ, कर्रर्र आठवतो? पलीकडचं मशीन २१०० हर्ट्झची शिट्टी मारून "मी फॅक्स आहे" असं सांगतं. मग दोघं वेग ठरवतात. लाइन चांगली असेल तर सेकंदाला १४,४०० बिट.

इंटरनेट फोन आवाजाचे साधारण २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि पाकिटं भरून पाठवतो. एखादं पाकीट हरवलं तर आपल्याला पत्ताही लागत नाही. कान सांभाळून घेतो. फॅक्स सांभाळून घेत नाही. एक पाकीट हरवलं की २८८ बिट गेले. त्यात दोन्ही टोकांच्या यंत्रांची घड्याळं किंचित मागेपुढे चालतात. एका पानात तो फरक जाणवत नाही, पण पानं वाढली की साठत जातो आणि मधेच आवाजाचा एखादा तुकडा गळतो.

म्हणजे माझी टेस्टच चुकीची होती. मी रात्री टेस्ट केली, नेट मोकळं असताना, आणि तीही एकच पान. खरा फॅक्स जायचा दुपारी, ओपीडीच्या गर्दीत, सात पानांचा.

यावरचा उपाय आधीपासून होता. टी.३८ नावाचं स्टँडर्ड १९९८ मध्येच आलंय. त्यात अडॅप्टर फॅक्सचा आवाज ओळखतो, त्यातून मूळ डेटा काढतो आणि डेटा म्हणूनच पाठवतो. शिवाय पुढच्या पाकिटात मागच्याची कॉपी ठेवता येते; एक हरवलं तरी काम भागतं. पलीकडे त्याचा परत आवाज बनतो. अट एकच: आपला अडॅप्टर आणि फोन सर्व्हिस, दोघांनाही टी.३८ कळायला पाहिजे. आमच्याकडे दोघांना कळत होतं, मी सेटिंगच चालू केलं नव्हतं!

ते चालू केलं. वेग ९६०० वर आणला. राउटरमध्ये फोनच्या पाकिटांना पहिला नंबर दिला. मग भर दुपारी दहा पानं पाठवून बघितली. गेली. तरी डॉक्टरांना सांगून एक लँडलाइन परत जोडून घेतली. हॉस्पिटल आहे, उगाच रिस्क नको.

तुम्ही म्हणाल, फॅक्स आता कोण वापरतं? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला नवीन फॅक्स मशीन घ्यायला बंदी घालावी लागली, तीही २०१९ च्या जानेवारीत. जुनं यंत्र तुमच्या-माझ्या म्हणण्यानं जात नसतं.

म्हणून माझ्यासारखं काम करणाऱ्या पोरापोरींना एकच सांगतो. जुनी वायर कापायच्या आधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते विचारा. फॅक्स असेल, कार्ड स्वाइपचं मशीन असेल, लिफ्टमधला फोन असेल. आणि विचारायचं ते साहेबांना नाही, रिसेप्शनच्या ताईंना. त्यांना सगळं माहीत असतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!