मागच्या मेळाव्यातली दुरुस्ती



मागच्या मेळाव्यात मी याच माईकवरून ठासून सांगितलं होतं, की डबक्यातले जिवाणू क्वांटम कॉम्प्युटर वापरतात. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी ते आपल्या मुलांनाही सांगितलं म्हणे. आज ते मागे घ्यायला उभी आहे.

माझा आधार होता २००७ चा बर्कलीतला प्रयोग. हिरव्या गंधक-जिवाणूंमधलं एक प्रथिन गोठवून त्यावर लेसर सोडला, तेव्हा सुमारे ६६० फेम्टोसेकंद लहरी दिसल्या. अर्थ लावला गेला, की ऊर्जा एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपून सोयीची निवडते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे आयतंच! मूळ निबंध न वाचताच मी ते उचललं. २०१७ मध्ये तसाच प्रयोग नेहमीच्या तापमानाला झाला, तर क्वांटम मेळ जेमतेम ६० फेम्टोसेकंद टिकला. लांबलेल्या लहरी मुख्यतः रेणूंच्या कंपनांच्या निघाल्या.

मग ऊर्जा पोचते कशी? जांभळे जिवाणू घ्या. त्यांच्या प्रकाश टिपणाऱ्या एका प्रथिनाची रचना १९९५ मध्ये उलगडली. त्यात हरितद्रव्याच्या भावंडासारखे २७ रेणू, ९ आणि १८ अशा दोन कड्यांत. शाळेची टाकी भरायला आपण बादल्या हातोहात द्यायचो, तसंच हे. फक्त बादली गळकी. साधारण एका नॅनोसेकंदात, म्हणजे हजार पिकोसेकंदांत, ऊर्जा वाया जाते. पण ९ च्या कड्यातून १८ च्या कड्यात ती एखाद्या पिकोसेकंदात जाते, तिथून शेजारच्या मोठ्या कड्यात तीन ते पाच पिकोसेकंदांत, आणि शेवटच्या केंद्रात तीस-चाळीसमध्ये. हा शेवटचा हात सगळ्यांत संथ, तरी गळायच्या आत बादली पोचते. १८ च्या कड्यात रेणू इतके खेटून आहेत, की ऊर्जा एकाची न राहता काही जणांत मिळून पसरते. हे क्वांटमच आहे, पण कॉम्प्युटर नव्हे. मला तर ही गळकी बादलीच जास्त आवडली.

त्या दिवशी भाषणानंतर बाईंनी एवढंच विचारलं होतं, "किती तापमानाला मोजलं गं?" मी हसून विषय बदलला होता.

बाई, उणे १९६ अंशांना.