पुलावरचा सॅक्सोफोन



१९५९ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या जॅझ वर्तुळात टेनर सॅक्सोफोन म्हटलं की सनी रोलिन्सचं नाव पहिल्या दोघा-तिघांत घेतलं जायचं. वय अवघं २८. क्लबांची बोलावणी येत होती, समीक्षक डोक्यावर घेत होते. आणि अशा ऐन भरात या गृहस्थानं सगळे कार्यक्रम बंद केले. लोक म्हणतात तेवढं चांगलं आपण वाजवत नाही, असं त्याला वाटू लागलं होतं, एवढंच.

हा माणूस काही सुखवस्तू घरातला लाडावलेला कलावंत नव्हता. हार्लेममध्ये वाढलेला, आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. तरुणपणी हेरॉइनच्या नादी लागला, दरोड्याच्या गुन्ह्यात रायकर्स आयलंडच्या तुरुंगात १० महिने काढले. १९५५ मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन त्या व्यसनातून तो बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही त्याची सर्वांत गाजलेली रेकॉर्ड झाली. तिचं ध्वनिमुद्रण २२ जूनचं. नंतर चारच दिवसांनी, ज्याच्या वाद्यवृंदात तो वाजवत होता तो ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला.

आता पुलाकडे येऊ. रोलिन्स राहायचा मॅनहॅटनच्या ग्रँड स्ट्रीटवर. शेजारच्या बिऱ्हाडात एक बाई गरोदर होती. टेनर सॅक्सोफोन काही दार लावून दबक्या आवाजात वाजवायचं वाद्य नाही, आणि त्या माउलीची झोपमोड करणं रोलिन्सला पटेना. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर विल्यम्सबर्ग पूल होता. ईस्ट रिव्हरवरचा हा पूल मॅनहॅटन आणि ब्रुकलिन जोडतो. लांबी दोन किलोमीटरच्या वर. पायी जाणाऱ्यांसाठी उंचावर वेगळी वाट आहे. तिथे आडोसा पाहून तो उभा राहायचा आणि वाजवायचा. कधी कधी दिवसाचे १५-१६ तास. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातही.

मोटारींची वर्दळ, खडखडत जाणाऱ्या आगगाड्या, नदीतल्या बोटींचे भोंगे. या गोंगाटात रियाज कसला, असं आपल्याला वाटेल. पण बोटीचा भोंगा वाजला की रोलिन्स सॅक्सोफोनमधून त्याला उत्तर द्यायचा. शिवाय खोलीत भिंती आवाज परत देतात, त्यामुळे आपला स्वर भरदार आहे असा भ्रम होतो. मोकळ्या आभाळाखाली ती सोय नाही. जेवढी फुंक, तेवढाच आवाज. आपला दमसास तिथेच वाढला, असं तो पुढे सांगत असे.

१९६१ च्या अखेरीस तो परतला आणि १९६२ मध्ये ‘द ब्रिज’ ही रेकॉर्ड आली. गंमत म्हणजे तिनं काही समीक्षकांची निराशा केली. दरम्यान ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकांनी जॅझ पार उलटंपालटं करून टाकलं होतं. मग हा पुलावर जाऊन नवीन काय घेऊन आला? मला ही तक्रारच चुकीची वाटते. त्याला नवीन काही आणायचं नव्हतं. जे वाजवतो ते त्याला नीट वाजवायचं होतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा गायब झाला, आणि यावेळी थेट आपल्या मुंबईत आला. एक पिशवी आणि सॅक्सोफोन एवढंच सामान घेऊन तो पवईच्या आश्रमात राहिला. एका जागी बसून ध्यान काही त्याला जमेना. तेव्हा तिथल्या स्वामींनी, तू वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे, अशा अर्थाचं काही सांगितल्याची आठवण त्यानं मुलाखतींत सांगितली आहे. स्वामींची पारख अचूक म्हणायची! कारण १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका उघड्या दगडी रंगमंचावरून वाजवता वाजवता त्यानं खाली उडी मारली आणि टाचेचं हाड मोडलं. लोक घाबरून बघताहेत आणि हा उताणा पडून तसाच वाजवतोय! हे सगळं चित्रफितीत टिपलेलं आहे.

२००१ च्या सप्टेंबरात जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्याचं घर तिथून काही गल्ल्यांवर होतं. ते सोडावं लागलं तेव्हा त्यानं बरोबर घेतला तो सॅक्सोफोन. चारच दिवसांनी बोस्टनमध्ये कार्यक्रम होता. त्याचं मन नव्हतं. पत्नी लुसील हिनं आग्रह धरला म्हणून तो गेला. पुढे फुप्फुसांच्या विकारानं फुंकच हिरावून घेतली आणि २०१२ नंतर त्याचं जाहीर वादन थांबलं.

ज्यांनी रोलिन्स कधीच ऐकला नाही, त्यांनी ‘सॅक्सोफोन कोलोसस’मधल्या ‘सेंट थॉमस’पासून सुरुवात करावी. चाल आईकडून लहानपणी ऐकलेली, कॅरिबियन वळणाची. आधी मॅक्स रोचचे ड्रम्स येतात, मग ती चाल. ती संपून रोलिन्सचं एकट्याचं वादन सुरू होतं तिथे कान द्या. तो फक्त दोन स्वर घेतो. तेच पुन्हा घेतो, जरा मागेपुढे सरकवून पुन्हा घेतो, आणि त्या दोघांतूनच पुढचं सगळं उलगडत नेतो.