मशीनच्या मागे पाणी बघा



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या धंद्याबद्दल दहा मिनिटं बोल." शाळेत मी वर्गात उभा राहून बोललो तो फक्त उशिरा येण्याची कारणं सांगायला. तेव्हा सांभाळून घ्या.

होडीच्या मागे लावतात ती आउटबोर्ड मशीनं मी दुरुस्त करतो. त्यातही जुनी, 8 किंवा 9.9 हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायची. नवीन मशीन घेणं सगळ्यांना परवडत नाही, आणि जुन्यात कार्बोरेटर, प्लग, कॉइल एवढाच संसार असतो. डोकं शांत असेल तर वाळूवर बसूनसुद्धा खोलता येतं.

विज्ञानाच्या सरांनी आम्हाला जस्त आणि तांब्याच्या पट्ट्या आम्लात बुडवून बल्ब लावून दाखवला होता. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. आता रोज तोच प्रयोग बघतो, सर. अॅल्युमिनियमची बॉडी, स्टीलचे बोल्ट आणि मध्ये खारं पाणी. अॅल्युमिनियम खाल्लं जातं, बोल्ट असा चिकटतो की पाना लावला तर डोकं तुटून हातात येतं. म्हणून खाली जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो, आधी तो झिजावा म्हणून. काही जण हौसेने त्याच्यावरही रंग मारतात. मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

गिअरचं तेल बघायला खालचा स्क्रू काढायचा. तेल दुधाळ आलं की पाणी आत शिरलंय. बहुतेक वेळा पंख्याच्या मागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेला असतो आणि त्याने सील कापलेलं असतं. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. उलट केलं तर तेल जमिनीवर.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. या मशीनला थंड ठेवतं ते समुद्राचंच पाणी. खालच्या पायात रबराचं एक छोटं चक्र असतं, इम्पेलर. ते पाणी वर ढकलतं, आणि थोडं पाणी मागच्या बारीक भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडत राहतं. आमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात ते बाईंसमोर सांगत नाही. वाळूने हे चक्र झिजतं, पडून राहिलं तर पाकळ्या मुडपतात, पाण्याबाहेर मशीन थोडं जरी चालवलं तरी जळतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एकाने वडिलांचं जुनं मशीन माझ्याकडे आणलं. पैशांची ओढाताण होती. मी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. इम्पेलरची एक पाकळी मुडपलेली दिसली. मी म्हटलं, काढेल अजून एक हंगाम, आणि तोच परत बसवला. त्याला सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी देवबागच्या संगमावर, कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे, ऐन ओहोटीत मशीन तापून जाम झालं. होडीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ. ओहोटी बाहेर ओढत होती. नांगर टाकला, सुदैवाने तो धरला, आणि दोन तासांनी दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणलं. नांगर सुटला असता तर? हा हिशेब मी अजून रात्री कधी कधी करतो.

संध्याकाळी त्याने मशीन माझ्या दुकानासमोर ठेवलं. "तापला आणि बंद पडला. उद्या बघ," एवढंच म्हणाला. खोललं तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि इम्पेलरच्या तीन पाकळ्या गायब. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मेल्या, तेव्हाच सांगितलं असतंस तर उसने पैसे आणले असते." खर्च मी केला. तो इम्पेलर अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे, आणि तेव्हापासून "चालेल अजून" असं वाटलं की मी आधी गिऱ्हाइकाला तो भाग हातात देतो.

बाकी रोजचं काम सोपं आहे. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटं मशीन चालवायचं, नंतर पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यायचा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत ठेवलेलं पेट्रोल नंतर वापरू नका. आणि पाच लिटरला 100 मिली टू-टी ऑइल मापाने घाला, अंदाजाने नको.

तो मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि माझ्याकडे रागाने बघतोय, कारण हे सांगू नको म्हणाला होता. त्याचं तेच मशीन अजून चालतं. उद्या सकाळी आपण सगळे त्याच्याच होडीतून खाडीत जाणार आहोत. बसल्यावर मागे वळून बघा, पिचकारी दिसेल. थांबली तर लाजू नका, त्याला मोठ्याने सांगा, "मशीन बंद कर."